न दिसणे आणि नसणे : लॅपटॉपमधील ‘हरवलेल्या’ बिनतारी अडॅप्टरचा इतिहास (१९९७–२०२३)

गोषवारा :

लॅपटॉपमधील बिनतारी जाळ्याचा अडॅप्टर संगणकाला अचानक न सापडणे ही आज सर्वपरिचित तक्रार आहे. तिच्याकडे सामान्यतः केवळ दुरुस्तीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या तक्रारीचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. अडॅप्टर यंत्राच्या आत केव्हा व कसा गेला, संगणकाला एखादे उपकरण ‘दिसते’ म्हणजे नेमके काय होते, आणि ते दिसेनासे होण्यामागे कोणकोणती कारणे होती, यांचा मागोवा घेताना लिनक्स व ब्रॉडकॉम यांचे प्रकरण आणि २००६ ते २०१० या काळातील सदोष चिपांचे प्रकरण विशेष तपशिलाने मांडले आहे. उपकरण हरवण्याचा प्रश्न पुष्कळदा उपकरणाविषयीचे ज्ञान कोणाच्या हाती होते या प्रश्नाशी निगडित होता, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : बिनतारी जाळे, अडॅप्टर, ड्रायव्हर, फर्मवेअर, दोषनिदान, तंत्रज्ञानाचा इतिहास.

प्रास्ताविक :

लॅपटॉप सुरू होतो, पडदा उजळतो, कळफलक चालतो. परंतु बिनतारी जाळ्याचे चिन्ह नेहमीच्या जागी नसते. उपकरणांची यादी उघडून पाहावी तर तेथे अडॅप्टरचे नावच नाही. आदल्या दिवशीपर्यंत ज्याने विनातक्रार काम केले, ते उपकरण एका रात्रीत गेले कोठे, असा प्रश्न वापरणाऱ्यास पडतो. महाविद्यालयाच्या कार्यालयात, ग्रंथालयात किंवा प्राध्यापक-कक्षात हा अनुभव कोणी ना कोणी घेतलेला असतो. अशा वेळी दोन प्रतिक्रिया स्वाभाविकपणे उमटतात. एक, कार्ड जळाले. दुसरी, आपल्याच हातून काहीतरी बिघडले. या दोन्ही प्रतिक्रिया पुष्कळ वेळा चुकीच्या ठरतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा पेच नवीन नाही. दप्तरात एखाद्या घटनेची नोंद सापडली नाही म्हणून ती घटना घडलीच नाही, असा निष्कर्ष तो काढीत नाही. कागद खरोखरच नष्ट झाला असेल. तो भलत्याच रुमालात बांधला गेला असेल. दप्तराची ती खोली कुलूपबंद असेल. किंवा कागद समोर असूनही मोडी वाचणारा कोणी उपलब्ध नसेल. या चारही परिस्थितींत अभ्यासकाच्या हाती येणारे उत्तर एकच असते, ‘नोंद आढळत नाही’. कारणे मात्र सर्वस्वी भिन्न असतात आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा असतो. हरवलेल्या अडॅप्टरची गोष्ट अशीच आहे. न दिसणे आणि नसणे या दोन गोष्टींतील अंतर कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे ओलांडले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. अडॅप्टर यंत्राच्या आत कसा गेला :

बिनतारी मार्गाने संगणक जोडण्याचा पहिला मोठा प्रयोग हवाई विद्यापीठात झाला. नॉर्मन अब्रामसन यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ हे जाळे कार्यान्वित झाले. बेटाबेटांवर विखुरलेल्या केंद्रांना तारांनी जोडणे अवघड होते, ही त्यामागील व्यावहारिक गरज होती. मात्र हे तंत्र सामान्य वापरात येण्यासाठी लहरींच्या वापरावरील निर्बंध सैल होणे आवश्यक होते. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये काही लहरपट्टे ठरावीक अटींवर विनापरवाना वापरासाठी खुले केले. त्यांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता. औद्योगिक भट्ट्या आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांच्या गोंगाटामुळे दळणवळणाच्या दृष्टीने कनिष्ठ मानला गेलेला हा पट्टा पुढे घराघरांत पोहोचला.

दुकानातील रोख-नोंदणी यंत्रे तारांवाचून जोडावीत, या गरजेतून एनसीआर या कंपनीच्या नेदरलँड्समधील अभियंत्यांनी ‘वेव्हलॅन’ ही प्रणाली विकसित केली. त्याच कंपनीतील व्हिक हेज हे १९९० मध्ये स्थापन झालेल्या ८०२.११ समितीचे अध्यक्ष झाले. या समितीचे पहिले मानक १९९७ मध्ये संमत झाले. त्याचा वेग सेकंदाला १ ते २ मेगाबिट इतकाच होता. १९९९ मधील ८०२.११बी या सुधारित मानकाने तो ११ मेगाबिटपर्यंत नेला आणि त्याच सुमारास ‘वाय-फाय’ हे नाव रूढ होऊ लागले.

या प्रारंभीच्या काळात अडॅप्टर ‘हरवणे’ फारसे संभवत नव्हते, कारण तो डोळ्यांना दिसत असे. लॅपटॉपच्या कडेला असलेल्या खाचेत पत्त्याच्या आकाराचे कार्ड बसवावे लागे व त्याचे टोक बाहेर डोकावत असे. कार्ड आहे की नाही, हे पाहण्यासाठी कोणत्याही यादीची गरज नव्हती. जुलै १९९९ मध्ये ॲपलने सादर केलेल्या ‘आयबुक’ या लॅपटॉपमध्ये ही स्थिती बदलू लागली. त्याच्या कवचातच अँटेना बसविलेली होती आणि कार्ड कळफलकाखाली बसविता येत असे. १२ मार्च २००३ रोजी इंटेलने ‘सेंट्रिनो’ या नावाने प्रक्रियक, साहाय्यक चिपसंच आणि बिनतारी कार्ड यांचा एकत्रित संच बाजारात आणला. मोठ्या प्रमाणावरील जाहिरातीमुळे बिनतारी सोय हा लॅपटॉपचा अंगभूत भाग मानला जाऊ लागला.

कार्ड आत गेले, ही सोय झाली. परंतु त्याबरोबर एक गोष्ट गमावली गेली. उपकरण आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा साधा मार्ग बंद झाला. आता वापरणाऱ्याला कार्यप्रणालीने दाखविलेल्या यादीवर विसंबून राहणे भाग पडले. पुढील सर्व इतिहास या परावलंबनातून घडलेला आहे.

भारतात या प्रश्नाला कायद्याची आणखी एक बाजू होती. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यासही परवाना आवश्यक होता. जानेवारी २००५ मध्ये केंद्र शासनाने नियम करून २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून मुक्त केले. त्यानंतर महाविद्यालयाच्या आवारात किंवा घरात असे जाळे उभारण्याची कायदेशीर वाट मोकळी झाली. आपल्याकडील वाय-फायचा प्रसार आणि त्यासोबत आलेल्या तक्रारी या मुख्यतः त्यानंतरच्या काळातील आहेत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२. संगणकाला उपकरण ‘दिसते’ म्हणजे काय :

येथे थोडा तांत्रिक खुलासा करणे अपरिहार्य आहे. लॅपटॉपमधील बिनतारी कार्ड बहुधा ‘पीसीआय’ या १९९२ मध्ये अवतरलेल्या जोडणी-पद्धतीने अथवा तिच्या पुढील पिढीतील ‘पीसीआय एक्स्प्रेस’ पद्धतीने मुख्य फलकाशी जोडलेले असते. या पद्धतीत संगणक सुरू होताना प्रत्येक संभाव्य जागेला एक प्रश्न विचारला जातो, तेथे कोण आहे? उपकरणाने उत्तरादाखल दोन क्रमांक द्यावयाचे असतात. पहिला निर्मात्याचा, दुसरा उपकरणाचा. हे क्रमांक षोडशमान पद्धतीत लिहिले जातात. इंटेलचा निर्माता-क्रमांक ८०८६ हा आहे. त्याच कंपनीच्या सुप्रसिद्ध प्रक्रियकाचे नाव यात जपले गेले आहे. ब्रॉडकॉमचा क्रमांक १४ई४ असा आहे.

ज्या जागी कोणीच नसते, तेथूनही उत्तर येते. ते ‘एफएफएफएफ’ असे, म्हणजे सोळाही स्थाने एकने भरलेली, असे वाचले जाते. हा क्रमांक कोणत्याही निर्मात्यास दिलेला नाही. संगणक त्याचा अर्थ ‘जागा रिकामी’ असा लावतो. परंतु कार्ड प्रत्यक्ष असूनही त्याची जोडणी तुटली असेल, त्याला वीज मिळत नसेल किंवा ते निद्रावस्थेतून नीट जागे झाले नसेल, तरी हेच उत्तर मिळते. संगणकाच्या दृष्टीने रिकामी खाच आणि मुके झालेले कार्ड यांत भेद नाही.

क्रमांक मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. त्या क्रमांकाच्या उपकरणाशी कसे बोलावे, हे सांगणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, कार्यप्रणालीजवळ असावी लागते. अनेक कार्डांना याखेरीज फर्मवेअर लागते. कार्डावरील लहानशा प्रक्रियकाने चालवावयाची ही आज्ञावली प्रत्येक वेळी त्याच्यात भरावी लागते. शेवटी रेडिओ सुरू करण्याची परवानगी हवी. लॅपटॉपच्या कडेवरील बटण, कळफलकावरील विशिष्ट कळ किंवा मूलभूत प्रणालीतील एखादी निवड यांपैकी कशानेही ती नाकारली जाऊ शकते. लॅपटॉपमध्ये वापरल्या जाणाऱ्या लहान आकाराच्या ‘मिनी पीसीआय एक्स्प्रेस’ कार्डाची विसावी पिन याच कामासाठी राखून ठेवलेली आहे. तिच्यावरून संकेत आला की कार्डाने रेडिओ बंद करावयाचा असतो.

याचा अर्थ असा की, ‘अडॅप्टर नाही’ या एका वाक्याखाली निदान चार निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात : ओळख न पटणे, भाषा न समजणे, फर्मवेअर न मिळणे आणि परवानगी नसणे. यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेचा इतिहास सर्वांत उद्बोधक आहे.

३. कागद आहे, वाचक नाही : ब्रॉडकॉम आणि लिनक्स

विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. त्यानंतर तयार झालेल्या बिनतारी चिपांचे ड्रायव्हर तिच्या मूळ तबकडीवर असणे शक्यच नव्हते. त्यामुळे कार्यप्रणाली नव्याने घातली की उपकरणांच्या यादीत अडॅप्टरच्या नावाऐवजी पिवळ्या खुणेसह ‘नेटवर्क कंट्रोलर’ एवढीच नोंद उरत असे. ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावर उपलब्ध असे. पण तेथे पोहोचण्यासाठी जाळे हवे आणि जाळ्यासाठी ड्रायव्हर हवा. पेटीची किल्ली पेटीतच राहावी, असा हा प्रकार होता. विंडोजच्या बाबतीत शेजारचा संगणक किंवा तारेची जोडणी एवढ्याने प्रश्न सुटत असे, कारण ड्रायव्हर निदान अस्तित्वात होता.

लिनक्सची अडचण अधिक मूलगामी होती. अनेक चिपांसाठी तेथे ड्रायव्हरच नव्हता, आणि तो लिहिण्यासाठी लागणारी तांत्रिक माहिती निर्माते देत नव्हते. त्यामागे व्यापारी गुपिते जपण्याची इच्छा होती. शिवाय एक नियामक सबबही पुढे केली जाई. चिप कोणत्या लहरीवर किती शक्तीने प्रक्षेपण करील, हे आज्ञावलीवर अवलंबून असल्याने माहिती खुली केली तर वापरणारे कायद्याची मर्यादा ओलांडतील, अशी भीती व्यक्त होत असे. ही भीती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. देशोदेशीचे नियम भिन्न आहेत, २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात अमेरिकेत सामान्यतः पहिल्या ११ वाहिन्या वापरल्या जातात, तर युरोपात १३. परंतु या सबबीची किंमत कार्ड विकत घेऊनही ते वापरू न शकणाऱ्या ग्राहकाने मोजली.

ब्रॉडकॉमच्या चिपा अनेक नामांकित लॅपटॉपांत असल्याने तिचे प्रकरण विशेष गाजले. २००३ च्या अखेरीस पाँटस फुक्स यांनी ‘एनडिसरॅपर’ हा एक विलक्षण मार्ग सुरू केला. विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हरच लिनक्समध्ये चालवावयाचा आणि त्याला आपण विंडोजमध्येच आहोत असे भासवावयाचे, अशी ही योजना होती. काम भागले, पण आतील आज्ञावली बंदिस्तच राहिली. काही बिघडले तर ते का बिघडले, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ओपनबीएसडी या प्रकल्पाचे थिओ द राट यांनी याच काळात निर्मात्यांविरुद्ध जाहीर मोहीम उघडली. उपकरणाची माहिती द्या किंवा निदान फर्मवेअर मुक्तपणे वाटण्याची अनुमती द्या, अशी त्यांची मागणी होती. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा २००४ चा पुरस्कार त्यांना लाभला.

दरम्यान एका अनपेक्षित ठिकाणी वाट सापडली. लिंकसिस कंपनीचा ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा राउटर लिनक्सवर चालतो, हे २००३ मध्ये उघडकीस आले. लिनक्सच्या परवान्यानुसार त्याची उगम-आज्ञावली प्रसिद्ध करणे बंधनकारक होते व ती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. त्यात ब्रॉडकॉमच्या बिनतारी चिपेचा ड्रायव्हर वाचनीय रूपात नव्हता. केवळ यंत्रभाषेत होता. मात्र यंत्रभाषा अभ्यासाने वाचता येते.

हे वाचन ज्या पद्धतीने झाले, ती कोणत्याही संशोधकाने लक्षात घ्यावी अशी आहे. एका गटाने यंत्रभाषेतील ड्रायव्हर उलगडून चिपेच्या वर्तनाचे वर्णन सामान्य भाषेत लिहिले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता केवळ या वर्णनाच्या आधारे नवी आज्ञावली रचली. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये, यासाठी दोन्ही गटांमध्ये ही भिंत कटाक्षाने पाळली गेली. या परिश्रमातून सिद्ध झालेला ‘बीसीएम४३एक्सएक्स’ हा ड्रायव्हर डिसेंबर २००५ मध्ये जाहीर झाला आणि जून २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत समाविष्ट झाला. जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत ‘बी४३’ या सुधारित ड्रायव्हरने त्याची जागा घेतली.

तरीही अडॅप्टर पूर्णपणे ‘सापडला’ नाही, कारण फर्मवेअरचा अडथळा शिल्लक होता. ते वाटण्याचा हक्क लिनक्सच्या वितरकांना नव्हता. म्हणून वापरणाऱ्याने निर्मात्याचा बंदिस्त ड्रायव्हर स्वतः मिळवावा आणि एका छोट्या साधनाने त्यातून फर्मवेअर कापून काढावे, अशी तोड निघाली. अशा तऱ्हेने कार्ड जागेवर, ओळख पटलेली, ड्रायव्हर उपस्थित, आणि तरीही जाळे नाही, ही अवस्था हजारो वापरणाऱ्यांनी अनुभवली. नोंदवहीत उमटणारी फर्मवेअरविषयीची एक ओळ ज्याला वाचता आली त्याचे काम मिनिटांत झाले. ज्याला ती वाचता आली नाही, त्याने कार्ड निकामी ठरविले.

९ सप्टेंबर २०१० रोजी ब्रॉडकॉमने आपल्या काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर स्वतःहून प्रसिद्ध केला. त्यापूर्वी २००८ मध्ये अथेरॉस या कंपनीने तशीच पावले टाकली होती. बाहेरच्यांनी केलेल्या कष्टांचा या निर्णयांवर किती प्रभाव पडला, हे मोजता येत नाही. मात्र गुप्ततेने फारसे काही राखले जात नाही, हे त्या कष्टांनी दाखवून दिले होते, एवढे निश्चित म्हणता येते. फर्मवेअरचा प्रश्न तर त्याहूनही दीर्घकाळ रेंगाळला. डेबियन या तत्त्वनिष्ठ प्रकल्पाने २०२२ मध्ये सदस्यांचे मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचात समाविष्ट करण्याचे ठरविले आणि जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून ते अमलात आणले. तत्त्वाला मुरड घालावी लागली, कारण अन्यथा नवख्या माणसाच्या लॅपटॉपवर बिनतारी जाळेच उभे राहत नव्हते.

४. कुलूपबंद खोली :

ड्रायव्हर आणि फर्मवेअर असूनही अडॅप्टर नाकारला जाण्याचे आणखी एक उदाहरण थोडक्यात नोंदविणे इष्ट आहे. आयबीएमच्या ‘थिंकपॅड’ लॅपटॉपांमध्ये मूलभूत प्रणालीजवळ मान्य कार्डांची यादी असे. यादीबाहेरचे कार्ड बसविले तर १८०२ हा त्रुटी-क्रमांक दाखवून यंत्र पुढे जाण्याचेच नाकारी. रेडिओ आणि अँटेना यांना एकत्रित नियामक मान्यता मिळालेली असते, म्हणून अन्य कार्ड चालू देता येत नाही, असे याचे समर्थन केले जाई. समर्थन काही अंशी योग्य असले, तरी जुने कार्ड बिघडल्यावर स्वस्त पर्याय घालू पाहणाऱ्यास त्यामुळे मज्जाव झाला. येथे निदान यंत्र नकाराचे कारण स्पष्ट सांगत होते. पुढील प्रकरणात तेही घडले नाही.

५. पुसलेली नोंद : २००६ ते २०१०

२००६ च्या सुमारास बाजारात आलेल्या एचपी कंपनीच्या पॅव्हिलियन डीव्ही२०००, डीव्ही६००० व डीव्ही९००० आणि कॉम्पॅक प्रिसॅरिओ व्ही३००० व व्ही६००० या मालिकांतील काही लॅपटॉपांमध्ये बिनतारी अडॅप्टर नाहीसा होण्याची तक्रार वारंवार येऊ लागली. उपकरणांच्या यादीतून त्याचे नावच जात असे. वर वर्णिलेल्या परिस्थितीत वाढलेल्या वापरणाऱ्यांनी जे करावयाचे तेच केले. ड्रायव्हर पुन्हा घातला, कार्यप्रणाली नव्याने बसविली, कार्ड बदलले. उपयोग झाला नाही, कारण दोष या कोणत्याच स्तरावर नव्हता.

कंपनीने २००७ च्या अखेरीस या मालिकांतील हार्डवेअर-दोषाची दखल घेतली आणि ठरावीक लक्षणे असलेल्या यंत्रांसाठी हमीचा कालावधी वाढविला. तिने दिलेल्या लक्षणांच्या यादीत यंत्र सुरू न होणे आणि पडद्यावर चित्र न उमटणे यांच्या जोडीने बिनतारी अडॅप्टर न सापडणे याचाही स्पष्ट उल्लेख होता. पडदा आणि वाय-फाय यांचा परस्परसंबंध काय, असे सामान्य वाचकास वाटेल. परंतु या रचनेतील एनव्हिडियाच्या चिपसंचात जी चिप चित्राचे काम करी, तिच्याकडेच अंतर्गत कार्डांशी संवाद साधण्याचे काही कामही होते.

२ जुलै २००८ रोजी एनव्हिडियाने अमेरिकेतील नियामकांकडे केलेल्या निवेदनात लॅपटॉपसाठीच्या काही चिपा अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात निकामी होत असल्याचे मान्य केले. त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर करण्यात आली. चिप व तिचे वेष्टन यांसाठी वापरलेल्या साहित्याचा कमकुवतपणा, लॅपटॉपमधील उष्णता-व्यवस्थापनाची रचना आणि ग्राहकांच्या वापराच्या पद्धती, ही कारणे कंपनीने त्यात नोंदविली.

यामागील भौतिकी साधी आहे. सिलिकॉनची चिप आणि तिच्याखालील पट्टी तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. दोघींना जोडणारे डागाचे सूक्ष्म गोळे प्रत्येक वेळी ताणले जातात. दिवसातून अनेकदा तापणे व निवणे झाल्यावर दुर्बल साहित्याला तडे जातात. तडा गेलेली जोडणी प्रथम अधूनमधून तुटते व मग कायमची. जी जोडणी आधी तुटेल, तिच्यावर अवलंबून असलेली सोय आधी जाते. बिनतारी कार्डाकडे जाणारी वाट तुटली की, संगणकाच्या ‘कोण आहे?’ या प्रश्नाला रिकाम्या जागेचे उत्तर मिळते. कार्ड धडधाकट, ड्रायव्हर निर्दोष, पण नोंद पुसलेली. एनव्हिडियाने आपल्या निवेदनातच संगणक सुरू होताच पंखा चालू करणाऱ्या आज्ञावलीचाही उल्लेख केला होता. उष्णतेचा ताण कमी करणे एवढाच तिचा उद्देश; पडलेले तडे तिने सांधणे शक्य नव्हते. अमेरिकेत या संदर्भात दाखल झालेल्या सामूहिक दाव्याची तडजोड २०१० मध्ये झाली. तीत दुरुस्ती किंवा बदली यंत्राची तरतूद होती.

या प्रकरणात खरे नुकसान कशाचे झाले, याचा विचार करणे आवश्यक आहे. अडॅप्टर नाहीसा होणे ही येऊ घातलेल्या मोठ्या बिघाडाची पूर्वसूचना होती. ज्याने तिचा अर्थ ‘वाय-फाय गेले’ एवढाच घेतला आणि बाहेरून जोडण्याचे छोटे यूएसबी अडॅप्टर घेऊन काम चालविले, त्याचा तात्पुरता प्रश्न सुटला. पुढे पडदाही काळा पडला, तेव्हा वाढीव हमीची मुदत उलटून गेलेली असणे सहज शक्य होते. लक्षण आणि रोग यांतील नाते निर्मात्याला आधी कळले, ग्राहकाला उशिरा. मधल्या काळात ग्राहक स्वतःच्या अज्ञानाला दोष देत राहिला.

६. शोधाचा क्रम :

वरील इतिहासावरून दोषनिदानाचा एक विवेकी क्रम हाती येतो. प्रथम परवानगी पाहावी : बटण, कळ, मूलभूत प्रणालीतील निवड. यास खर्च नाही. नंतर यंत्र पूर्ण बंद करून, वीजजोडणी व शक्य असल्यास बॅटरी काढून काही काळ थांबावे व पुन्हा सुरू करावे. कारण निद्रावस्थेत अडकलेले कार्ड यामुळे पुन्हा उत्तर देऊ लागते. २०१२ मधील विंडोज ८ पासून ‘बंद करा’ या आज्ञेने यंत्र नेहमीच पूर्ण बंद होते असे नाही, हे येथे लक्षात घ्यावे. त्यानंतर निर्माता व उपकरण यांचे क्रमांक दिसतात काय, ते तपासावे. हा सर्व शोधाचा मध्यबिंदू होय. क्रमांक दिसत असतील तर उपकरण जिवंत आहे आणि दोष ड्रायव्हर वा फर्मवेअर यांत शोधावा. क्रमांकच दिसत नसतील तर ड्रायव्हर शंभरदा घालूनही उपयोग नाही. तेथे कार्डाची बैठक, खाच आणि मुख्य फलक यांकडे वळावे. शक्य झाल्यास वेगळ्या कार्यप्रणालीच्या साहाय्याने यंत्र सुरू करून तेच क्रमांक पाहावेत. एका साधनावर विसंबून न राहता दुसऱ्या स्वतंत्र साधनाची साक्ष काढणे, ही इतिहासकाराची रीत येथेही उपयोगी पडते.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. दोष प्रथम कोणत्या दिवशी दिसला, यंत्र तेव्हा तापलेले होते की थंड, तो कायम आहे की अधूनमधून येतो, याची तारीखवार नोंद ठेवावी. वरील प्रकरणातील अनेक ग्राहकांना हमीचा दावा करताना अशा नोंदीचा उपयोग झाला असता. महाविद्यालयातील यंत्रांच्या बाबतीत जडसंग्रह नोंदवहीत खरेदीची तारीख असते. बिघाडाची तारीख मात्र क्वचितच आढळते.

निष्कर्ष :

१. अडॅप्टर ‘हरवणे’ ही घटना तो यंत्राच्या आत गेल्यानंतर, म्हणजे प्रामुख्याने २००३ नंतरच्या काळात, सार्वत्रिक झाली. उपकरण दृष्टीआड झाले आणि त्याचे अस्तित्व यादीवरील नोंदीपुरते उरले.

२. एकाच तक्रारीमागे ओळख, भाषा, फर्मवेअर आणि परवानगी अशा भिन्न स्तरांवरील कारणे होती. त्यांची गल्लत झाल्यामुळे चांगली कार्डे टाकून दिली गेली आणि सदोष यंत्रे दीर्घकाळ वापरात राहिली.

३. ब्रॉडकॉमच्या प्रकरणात ज्ञान रोखून धरले गेले व बाहेरच्यांनी ते शिस्तबद्ध परिश्रमाने पुन्हा मिळविले. चिपांच्या प्रकरणात दोष पदार्थाचा होता; तेथे कितीही कुशल वापरणाऱ्याला केवळ आज्ञावलीच्या बळावर तो दूर करता येण्यासारखा नव्हता. म्हणून पहिल्या प्रकरणाचा धडा दुसऱ्यास जसाच्या तसा लावता येत नाही.

४. दोन्ही प्रकरणांत एक सूत्र समान आहे. विकत घेतलेल्या वस्तूविषयी आवश्यक तेवढे ज्ञान ग्राहकाला वेळेवर मिळाले नाही. विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीची प्राथमिक मांडणी २०२१ पासून इंटरनेटवर अवलंबून ठेवण्यात आल्याने या प्रश्नाला नवी धार आली आहे. अशा यंत्रात ड्रायव्हरअभावी अडॅप्टर न दिसल्यास केवळ जाळे अडत नाही. नवा संगणक उंबरठ्यावरच थांबतो.

यादीत नाव नाही, एवढ्यावरून उपकरण नाही असा निर्णय देऊ नये. यादी कोणी केली, तिने कोणाला प्रश्न विचारला आणि उत्तर कोणत्या वाटेने आले, हे आधी तपासावे. दप्तराच्या अभ्यासकाला जी सावधगिरी विद्यार्थिदशेत शिकविली जाते, तीच येथे पुरेशी आहे.